चिंचोक्यांची पैज

शास्त्रपाठ : योना ४:५-११; फिलेमोन १७-१९



योना संदेष्ट्याचे पुस्तक शब्बाथ शाळेत शिकविताना आपण बहुधा माशापाशीच रेंगाळतो. मुले घरी जाऊन आईला सांगतात तीही माशाचीच गोष्ट. तिसऱ्या अध्यायात निनवेचे लोक उपास करतात, राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, शहर वाचते. आणि आपल्याला वाटते, झाली गोष्ट. पण चौथ्या अध्यायात एक छोटीशी हकिकत आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. योना शहराबाहेर पडला, पूर्वेच्या अंगाला त्याने एक मांडव घातला आणि आता या शहराचे काय होते ते पाहावे म्हणून सावलीत बसून राहिला.

ही हकिकत आम्ही अनेकदा वाचली होती. त्या मांडवात आम्हीही बसलेले आहोत हे मात्र गेल्या नाताळापर्यंत आमच्या ध्यानात आले नव्हते. तो प्रसंग येथे सांगत आहोत. ज्या भावाविषयी लिहायचे आहे त्याने हा मजकूर छापण्यापूर्वी वाचला आहे व होकार दिला आहे. त्याचे नाव देत नाही. रकमा मात्र त्याने स्वतः सांगितल्या तशाच दिल्या आहेत, कारण तो म्हणाला, "आकडा लपवला की गोष्ट खोटी होते."

१. खेळ कसा सुरू झाला

बेळगावात खानापूर रस्त्याला उद्यमबाग आहे. तेथे ओतकामाच्या भट्ट्या आहेत, लेथ आहेत, लहानमोठे कारखाने आहेत. आमच्या मंडळीतील कितीतरी घरे या वसाहतीच्या पगारावर चालतात. आम्हीही आठवडाभर तेथील एका कारखान्यात स्टोअरचे काम पाहतो आणि उपदेशाची पाळी आली की रविवारी पुलपिटावर उभे राहतो.

मंडळीच्या तरुण संघातील मुलांनी आपसांत फोनवर एक खेळ काढला होता. त्याला ते "भाकितांचा बाजार" म्हणत. प्रत्येकाला आरंभी एक हजार चिंचोके मिळत. खरे चिंचोके नव्हेत, नुसते आकडे. पण लहानपणी आपण चिंचोके मांडून खेळत असू, म्हणून कोणीतरी ते नाव दिले. कोणीही एक प्रश्न मांडावा, त्याला "होय" आणि "नाही" अशा दोन बाजू असाव्यात, आणि ज्याला जी बाजू खरी वाटेल ती त्याने विकत घ्यावी. उत्तर निघाले की बरोबर बाजूच्या प्रत्येक चिठ्ठीला शंभर चिंचोके मिळत. "होय"ची चिठ्ठी सत्तर चिंचोक्यांना जात असेल, तर शंभरात सत्तर हिश्श्यांनी ही गोष्ट घडेल असे सर्वांना मिळून वाटते, असा त्याचा अर्थ.

हा खेळ मुलांनी आपल्या मनाने काढलेला नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९८८ साली निवडणुकीच्या निकालावर थोड्या पैशांचा असा बाजार चालवून पाहिला, आणि पुढे खोट्या पैशांवर चालणारेही बाजार निघाले. लोक नुसते बोलतात तेव्हा काहीही बोलतात, पण आपले काही पणाला लागले की विचार करून बोलतात, असे त्यामागील तत्त्व आहे. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही.

आरंभीचे प्रश्न निरुपद्रवी होते. कापणीच्या सणाला पाऊस पडेल का? पाळकसाहेबांचा उपदेश चाळीस मिनिटांच्या आत आटोपेल का? गायनमंडळाचे तालीम चुकविणारे कोण कोण? आम्हांला मुलांनी पंच नेमले. वाद झाला तर निर्णय आम्ही द्यायचा. आम्हांलाही एक हजार चिंचोके मिळाले. पैसा नव्हता, जुगार नव्हता, हसणे होते. आम्ही होकार दिला.

२. प्रश्न माणसावर आला

फेब्रुवारी महिन्यातील एका प्रार्थनासभेत आमचा एक भाऊ उभा राहिला. उद्यमबागेत तो टर्नर आहे. त्याची पत्नी निपाणीकडची, विड्या वळणाऱ्या आईची मुलगी. तो म्हणाला, "मी जुगारी आहे. माझ्यावर एक लाख नव्वद हजार रुपये देणे आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा."

त्याची सुरुवात चहाच्या टपरीवर मिळणाऱ्या मटक्याच्या चिठ्ठीने झाली होती. पुढे फोनवर पत्ते आले. "पहिला आठवडा फुकट होता, दादा," तो आम्हांला म्हणाला. "नुसते गुण मिळायचे. हरलं तरी काही जायचं नाही. हात बसला तेव्हा पैसे मागितले." ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला. पण तोवर या भावाचे व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते, आणि टपरीवरची चिठ्ठी तर मुळातच कायद्याला विचारून चालत नव्हती.

त्याचे देणे असे होते : पतसंस्थेचे ८०,००० रुपये, पत्नीचे सोने गहाण ठेवून काढलेले ४०,०००, कामावरच्या मित्रांकडून हातउसने घेतलेले ३५,०००, फोनवर कर्ज देणाऱ्यांचे २५,०००, आणि किराणा दुकानाची उधारी १०,०००. नाताळच्या आदल्या रात्रीपर्यंत सगळे फेडीन, असे तो त्या सभेत म्हणाला. आम्ही सर्वांनी आमेन म्हटले.

त्याच आठवड्यात बाजारात नवा प्रश्न आला : "आपला भाऊ २४ डिसेंबरपर्यंत कर्ज फेडील का?"

कोणी मांडला हे आता विचारण्यात अर्थ नाही. पंच आम्ही होतो. एका शब्दाने तो काढून टाकता आला असता. आम्ही विचार केला की खोट्या चिंचोक्यांनी कोणाचे काय जाते? आणि प्रश्न राहिला.

पहिल्या दिवशी "होय"ची चिठ्ठी पन्नासाला होती. एप्रिलमध्ये त्याने मोटारसायकल ३८,००० रुपयांना विकली, तेव्हा भाव साठावर गेला. पावसाळ्यात तो सायकलवरून ओव्हरटाइमला जाऊ लागला. भाव सत्तर झाला. सगळे खूश होते. मग ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी आमच्या संघातील एका तरुणाने शिफ्ट सुटल्यावर त्याला त्याच जुन्या टपरीपाशी उभा पाहिला. तरुण रस्त्याच्या पलीकडे होता. त्याने खिशातून फोन काढला आणि चारशे चिंचोक्यांच्या "नाही"च्या चिठ्ठ्या घेतल्या. मग तो बस धरून घरी गेला.

रात्रीपर्यंत "होय"चा भाव तिसावर आला. कारण विचारता आम्हांलाही बातमी कळली. आता आमची कबुली ऐका. आम्ही त्या भावाच्या घरी गेलो नाही. आम्ही दोनशे चिंचोक्यांच्या "नाही"च्या चिठ्ठ्या घेतल्या.

३. हिशेबाचा दिवस

२२ डिसेंबरला संघातील दोघे जण त्या भावाच्या घरी गेले. तो कामावर होता. त्यांनी त्याच्या पत्नीला विचारले, "वहिनी, सोनं सुटलं का?" तिला वाटले, मंडळीने काळजीने माणसे पाठविली. तिने चहा ठेवला, आणि पतसंस्थेचे, मित्रांचे, दुकानाचे, फोनवरच्या सावकारांचे सगळे कसे फिटले ते आनंदाने सांगितले. सोन्यावरचे बावीस हजार तेवढे राहिले होते. तीच नवऱ्याला म्हणाली होती की आधी बाहेरच्यांचे दे, माझे शेवटी. चहा पिऊन दोघे उठले, आणि दारातच एक जण दुसऱ्याला म्हणाला, "बघ, मी म्हटलं होतं ना, नाहीच." ते तिच्या कानावर पडले. कशाचे "नाही", असे तिने विचारले, आणि त्यांना सांगावे लागले.

नाताळच्या उपासनेला ते कुटुंब आले नाही.

इकडे बाजारात भांडण पेटले. "होय" घेतलेले म्हणत, बाहेरच्या सगळ्यांचे फिटले. बायकोचे सोने हा घरातला मामला, ते कर्जात धरू नये. "नाही" घेतलेले म्हणत, गहाण ते गहाण, कर्ज ते कर्ज. दोन्ही बाजूंनी आमच्याकडे पुरावे पाठविले. पंचाने निकाल द्यावा अशी मागणी झाली.

आम्ही २६ तारखेला त्याच्या घरी गेलो. तो बसा म्हणाला नाही, आम्ही उभेच राहिलो. मग त्याने कपाटातून एक शंभर पानी वही काढून आमच्या हातात दिली. "पंच तुम्हीच ना? मग हिशेब बघा की."

वहीत पहिल्या पानापासून एकेक रक्कम लिहिलेली होती. मोटारसायकल. ओव्हरटाइम. पत्नीने शिवलेल्या झंपरांचे पैसे. दिवाळीचा बोनस. एकंदर १,६८,००० रुपये फिटले होते. ऑक्टोबरच्या पानावर एका ओळीखाली लाल रेघ होती : "टपरी, ५००, हरलो." त्याने ते बोट ठेवून दाखविले.

"त्या दिवशी मी पडलो. समोर आपला मुलगा उभा होता, मी बघितलं त्याला. त्याने हाक मारली असती तर मी पडलोच नसतो असं नाही म्हणत मी. पण दादा, हाक मारायला पाहिजे होती."

आम्हांला उत्तर सुचले नाही. पैजेच्या शब्दाप्रमाणे पाहता बावीस हजार देणे राहिले होते, म्हणून उत्तर "नाही" असेच होते. आम्ही बाजी जिंकली होती. आजवर काही जिंकून एवढी लाज आम्हांला कधी वाटली नव्हती.

४. मांडवात बसलेला संदेष्टा

आता योनाकडे वळू. चाळीस दिवसांत शहर पालथे होईल, असे त्याने जाहीर सांगितले होते. त्याचे भाकीत लागले होते. आणि ज्याचे भाकीत लागलेले असते त्याला निकालाची ओढ असते. लोक रडले, पालटले, देवाने अरिष्ट आवरले. एखाद्या उपदेशकाला याहून मोठे यश ते कोणते? परंतु योनाला राग आला. शहर वाचले, आणि त्याचा शब्द पडला. त्याला शहरापेक्षा शब्द प्रिय होता.

बंधुजनहो, आमच्या बाजारात हेच घडले. ऑक्टोबरपर्यंत आम्ही त्या भावासाठी खरोखरच प्रार्थना करीत होतो. दोनशे चिंचोके "नाही"वर लावल्यानंतरही प्रार्थना करीतच होतो. पण डिसेंबरमध्ये सोने अजून सुटले नाही असे ऐकले तेव्हा मनाच्या एका कोपऱ्यात काहीतरी सुखावले. ते आम्ही ओळखले, आणि दडपून टाकले. एक पैसाही मिळणार नव्हता! माणसाचे मन विकत घ्यायला पैसाच लागतो असे नाही. आपला अंदाज खरा ठरल्याचे समाधान तेवढ्यावरही ते विकले जाते.

ईयोबाच्या पुस्तकाचा आरंभ आठवा. सैतान देवापुढे उभा राहून एका माणसाविषयी भाकीत करतो की याचे सगळे काढून घेतले तर हा तुला तोंडावर सोडून देईल. त्याला ईयोबाच्या गुराढोरांशी काही कर्तव्य नव्हते. ईयोब पडावा आणि आपले म्हणणे खरे व्हावे, एवढेच त्याला हवे होते. दूर उभे राहून भावाच्या पडण्याचे भाकीत करणे हे काम शास्त्राने कोणाकडे दिले आहे ते पाहून आपण सावध व्हावे.

शमशोनाची पैजही आठवा. शास्ते १४ मध्ये तो लग्नाच्या मेजवानीत कोडे घालतो. पण तीस तागाची वस्त्रे आणि तीस पोशाख. खेळच होता तो. पण पाहुण्यांना उत्तर हवे होते, म्हणून ते नवरीकडे गेले, तिला व तिच्या बापाच्या घराला जाळण्याची धमकी दिली. तिने रडून रडून नवऱ्याकडून ते काढून घेतले. आणि शमशोनाने पण कसा चुकविला? अष्कलोनात जाऊन तीस माणसे मारली आणि त्यांचे कपडे आणून दिले. पैज लावणारे मेजवानीला बसले होते आणि ती फेडली गेली भलत्यांच्या जिवावर. आमचे दोघे तरुण चहा पिऊन त्या वहिनीला प्रश्न विचारीत होते तेव्हा तिनेही अशीच किंमत दिली.

आणि वधस्तंभाच्या पायथ्याशी काय चालले होते? प्रभू वर प्राण देत होता आणि खाली शिपाई त्याच्या अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकीत होते. ते त्याचा द्वेष करीत होते असे योहान सांगत नाही. त्यांचे लक्ष चिठ्ठ्यांवर होते, इतकेच.

५. कोणाला पणाला लावण्याचा हक्क आहे?

आमच्या मुलांपैकी एकाने चांगला प्रश्न केला : "कायद्याने तरी यात काय चूक आहे?" आम्ही त्याला काही गोष्टी सांगितल्या, त्या येथेही सांगतो.

आपल्या देशाचा करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या ३० व्या कलमाप्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो. जिंकलेल्याला कोर्टात जाऊन ती रक्कम मागता येत नाही. घोड्यांच्या शर्यतीच्या बक्षिसाला तेवढा त्यात अपवाद केलेला आहे. म्हणजे दीडशे वर्षांपासून आपला कायदा सांगत आला आहे की पैजेतून खरे देणे उभे राहत नाही.

मटक्याचा उगमही पाहण्यासारखा आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव मुंबईत येत आणि त्यांतील आकड्यांवर येथील लोक पैसे लावीत. १९६० च्या दशकाच्या आरंभी ती वाट बंद झाली, तेव्हा मडक्यातून आकडे काढण्याची रीत पडली. कापूस कोणी पिकविला, तो विकून त्याचे पोट भरले की नाही, हे आकडा लावणाऱ्याला कधीच ठाऊक नव्हते. त्याला भावाचा शेवटचा आकडा पुरे होता.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००३ साली परदेशांतील राजकीय घटनांवर असाच भाकितांचा बाजार भरविण्याचे योजिले होते. त्यात खून आणि दहशतवादी हल्ले यांवरही पैजा लागू शकतील, हे जुलै महिन्यात उघड झाले, तेव्हा इतका गहजब झाला की एक-दोन दिवसांतच ती योजना गुंडाळावी लागली. उपयुक्त माहिती मिळेल असे म्हणणारे होतेच. तरीही सामान्य माणसाला आतून कळले की काही गोष्टींवर पण लावायचा नसतो.

पण सर्वांत उद्बोधक हकिकत इंग्लंडची आहे. अठराव्या शतकात तेथे लोक परक्यांच्या आयुष्याचा विमा उतरवीत. ज्या मनुष्याशी काडीचा संबंध नाही, तो मेला तर आपल्याला पैसे मिळावेत म्हणून! १७७४ साली पार्लमेंटने कायदा करून ते बंद केले. ज्याचा त्या जिवात हितसंबंध आहे त्यालाच विमा उतरविता येईल, असे ठरले. पत्नीने पतीचा विमा उतरवावा, कारण तो गेला तर तिचे नुकसान आहे. परक्याने उतरवू नये, कारण त्या मरणात त्याचा फायदाच आहे.

वाचकहो, मंडळीसाठी याहून चांगला नियम आम्हांला ठाऊक नाही. ज्याच्या पडण्याने आपले काही बुडते, त्याच्याच जीवनावर आपण काही लावावे.

६. पौलाची चिठ्ठी

फिलेमोनाला लिहिलेले पत्र अवघे पंचवीस वचनांचे आहे. अनेसिम हा पळालेला दास. त्याने धन्याचे नुकसान केले असावे, देणे असावे. पौल तुरुंगात होता. हा परत गेला तर सुधारेल की नाही, याविषयी पौलालाही अंदाज बांधता आला असता. त्याने काय केले? त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, असे लिहिले. आणि मी ते फेडीन, असे स्वतःच्या हाताने खाली लिहून दिले.

योनाही एका बाजूला होता, पौलही एका बाजूला होता. योनाने आपला शब्द लावला आणि तो शहराबाहेर बसला. पौलाने आपले नाव लावले आणि तो हिशेबाच्या वहीत शिरला. अनेसिम पुन्हा चुकला असता तर योनासारख्या माणसाचे म्हणणे खरे ठरले असते. पौलाला मात्र पैसे भरावे लागले असते. यालाच हितसंबंध म्हणतात. आणि आपल्या प्रभूने आपल्यासाठी जे केले ते याच जातीचे आहे. आपण फेडू की नाही याचे भाकीत करीत तो आकाशात बसला नाही. आपले देणे त्याने आपल्या नावावर घेतले.

७. निकाल

२८ तारखेच्या रविवारी उपासनेनंतर आम्ही तरुण संघाला थांबविले. प्रथम निकाल दिला : शब्दाप्रमाणे उत्तर "नाही". नंतर सांगितले की पंच असूनही आम्ही "नाही"च्या चिठ्ठ्या घेतल्या होत्या, आणि भाऊ टपरीवर दिसल्याचे कळूनही त्याच्या घरी गेलो नव्हतो. याबद्दल आम्ही त्याची त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली आहे व आता तुमचीही मागतो. ज्याने रस्त्यापलीकडून पाहिले होते तो तरुण मान खाली घालून बसला होता. त्याचे नाव आम्ही घेतले नाही. तो आपण होऊन उभा राहिला.

मग शब्बाथ शाळेत शिकविणारी एक सोळा वर्षांची मुलगी उठली. तिने फेब्रुवारीतच आपले हजारही चिंचोके "होय"वर लावले होते आणि भाव तिसावर आला तरी एकही चिठ्ठी विकली नव्हती. ती म्हणाली, "सर, मी तर तो फेडेल म्हणून लावले. मग माझंही चुकलं का?"

आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही. आज देतो. मुली, तुझी आशा चुकीची नव्हती. आमच्या सर्वांत तूच त्या भावाच्या जवळ होतीस. पण तुझी ती आशा आमच्या फोनवर आकडा होऊन पडली होती आणि ज्याला तिची गरज होती त्याला ती दहा महिन्यांत कळलीच नाही. "दादा, तू फेडशील असं मला वाटतं," एवढे त्याच्या तोंडावर म्हटले असतेस तर एक हजार चिंचोक्यांहून ते मोलाचे झाले असते.

खेळ बंद करायचा की नाही, यावर मुलांनी आपसांत बराच ऊहापोह केला. शेवटी त्यांनीच नियम केला : पावसावर, क्रिकेटवर, उपदेशाच्या लांबीवर खुशाल लावावे, कोणत्याही माणसाच्या पापावर, आजारावर, कर्जावर किंवा संसारावर प्रश्न मांडू नये. त्या प्रश्नावरचे सगळे चिंचोके पुसून टाकण्यात आले.

उरलेले बावीस हजार मंडळीने भरावेत असे काहींनी सुचविले. तो भाऊ नको म्हणाला. सोने आपल्याच हाताने सोडवायचे असे नवरा-बायकोने ठरविले होते. त्याने एकच मागणे केले. "पगाराच्या दिवशी कोणीतरी येऊन माझ्याबरोबर वही बघायला बसा. त्या दिवशीच माझे पाय टपरीकडे वळतात." पहिल्या महिन्यात गेला तो रस्त्यापलीकडचा तरुण. कारखान्याच्या फाटकापाशीच तो उभा राहिला, आणि दोघे सायकल हातात धरून घरापर्यंत चालत गेले. पुढच्या महिन्यापासून पाळी लावली आहे. त्यात आमचेही नाव आहे.

सोने केव्हा सुटेल, तो पुन्हा पडेल की नाही, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. आम्ही ते सांगणार नाही. भाकीत करण्याची आम्हांला आता धास्ती वाटते. योनाचे पुस्तकही असेच संपते. तुंबीचा वेल सुकल्यावर कळवळणाऱ्या संदेष्ट्याला देव विचारतो की एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांच्या आणि इतक्या जनावरांच्या त्या मोठ्या शहराची मला कीव येऊ नये काय? योनाने काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही. ते प्रत्येक वाचकाने द्यायचे आहे, मांडवातून उठून.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी

हा धडा मोठ्या वर्गात घेताना पुढील प्रश्न विचारावेत. (१) निनवे वाचल्यावर योनाला राग का आला? आपल्याला असा राग कधी आला आहे काय? (२) शमशोनाच्या पैजेत कोणाकोणाचे नुकसान झाले? त्यांतील किती जणांनी पैज लावली होती? (३) फिलेमोनाच्या पत्रात पौलाने अनेसिमासाठी काय पणाला लावले? (४) आपल्या ओळखीचा कोणी चुकीच्या जागी उभा दिसला तर रस्ता ओलांडून त्याला काय म्हणावे? हे शेवटचे मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावे. वेळ आली की तोंडात शब्द सापडत नाहीत, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या भावांच्या पडण्यात आम्हांला कोणताही लाभ राहू देऊ नको, साध्या चिंचोक्याचाही नको. त्यांच्या उठण्यात आमचा वाटा असू दे. ज्यांना आम्ही दुरून पाहिले त्यांच्यापर्यंत आमचे पाय आज ने. येशूच्या नावाने. आमेन.